शब्दांची पडकई

शनिवार, दिनांक १२ जुलै १९८६. सकाळचे साडेआठ. गोदूबाईच्या खालच्या खाचरात लावणीला अकरा माणसे उतरली होती. बारावे माणूस शाळेत होते.

बारावे माणूस म्हणजे सगुणाची मुलगी सुनंदा. सावरखोलच्या वरच्या वाडीत सहा घरांची पडकई होती. आज या घराच्या शेतात सगळ्यांनी राबायचे, उद्या त्या घराच्या. प्रत्येक घराने दोन माणसे द्यायची. हाताला हात, एवढाच करार, आणि तोही तोंडी. सगुणाचा नवरा सहदेव लोट्याला रसायनांच्या कारखान्यात पाळीवर जाई. कारखान्याला लावणी ठाऊक नव्हती, म्हणून रजा नव्हती. सासरे आप्पा बैल हाकीत. ते काम वेगळे धरले जाई. राहिल्या सगुणा आणि सुनंदा. शाळेला लावणीची तीन आठवड्यांची सुट्टी होती खरी, पण शनिवारची मंडळे सुट्टीतही भरत. तसा पिसाळ सरांचा नियमच होता. विज्ञान मंडळ, बागकाम मंडळ आणि शब्दसंग्रह मंडळ. सुनंदा शब्दसंग्रह मंडळात होती.

सगुणाने सकाळपासून दोघींच्या ओळी एकटीने धरल्या होत्या. कमरेत वाकून, मागे मागे सरकत, डाव्या हातातल्या रोपांच्या मुठीतून तीन-चार काड्या तोडायच्या आणि उजव्या अंगठ्याने चिखलात रोवायच्या. इरल्यावर पाऊस एकसारखा वाजत होता. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत कुये पडून कातडी फुटली होती आणि चिखल तिथे तिखटासारखा झोंबत होता. दुसरी मूठ उचलायला ती बांधाकडे वळली, तेवढ्यात दोन्ही बाजूंच्या बायकांनी आपापल्या ओळी तिच्या मागे नेऊन जुळवल्या. सगुणा मधल्या चौकोनात अडकली. चारी बाजूंना हिरवी रोपे आणि मध्ये ती उभी. मागे पडलेल्या बाईला असे कोंडायचे, ही वाडीची जुनी रीत. कोंडलेल्या बाईने सगळ्यांच्या देखत रोपे ओलांडून बाहेर यायचे आणि ऐकून घ्यायचे.

"काय गो सगुणे, पाठ दुखली?" गोदूबाईने विचारले. पडकईची पाळी तीच लावी आणि जीभही तिचीच सर्वांत लांब.

"दोघींची ओळ लावतंय, गोदूबाय. पाठ एकीचीच हाय."

"मग दुसरी पाठ खय ठेवलीस?"

"शाळेत."

"शाळेत भात पिकतो काय?"

बायका हसल्या. सगुणाही हसली, कारण कोंडलेल्या बाईने हसायचे असते. गोदूबाईची नात कमळाही त्याच मंडळात गेली होती; पण गोदूबाईच्या घरात माणसे भरपूर होती, म्हणून तिचे कोणी नाव काढले नाही. सगुणाने लुगडे वर खोचले आणि रोपे ओलांडून ती बाहेर आली.

हे सारे सोसायला तिच्याजवळ एक कारण होते. शब्दसंग्रह मंडळाची रीत अशी होती: पुठ्ठ्याच्या पट्टीवर नवा शब्द, त्याचा अर्थ आणि स्वतःचे एक वाक्य लिहायचे. शंभर पट्ट्या झाल्या की पत्र्याचा निळा बिल्ला मिळे आणि शाळेच्या पडवीतल्या फळ्यावर नाव लागे. मागच्या शनिवारी पहिला बिल्ला सुनंदाला मिळाला होता. तो पाहून आप्पा म्हणाले होते, "गणपतीला मैना येल. तवर पोरीचा नाव त्या फळ्यावर ऱ्हायला, तर दहावी करूंदे. नाय ऱ्हायला, तर मैनेबरोबर मुंबयला जाईल." मैना ही आप्पांची मुलगी, सुनंदाची आत्या. कांदिवलीला राहत होती. तिचे तान्हे मूल सांभाळायला घरचे माणूस हवे होते. सगुणाने त्या दिवसापासून मनात गाठ मारली होती: गणपतीपर्यंत दोघींच्या ओळी आपण लावू, पोरीचे नाव राहू दे.

दुपारी जेवणाच्या वेळेला दोन्ही मुली बांधावरून येताना दिसल्या. सुनंदाने भाकरीकडे पाहिले नाही. दप्तर आंब्याच्या फांदीला अडकवले, परकराचा काचा मारला आणि सरळ चिखलात उतरली. तिच्या पोलक्यावर डाव्या बाजूला, बिल्ला लागायचा तिथे, कापड फाटून बोटभर चीर पडली होती.

"बिल्ला खय गेला?" सगुणाने विचारले.

सुनंदाने बांधावरची एक मूठ उचलली. सांगितले ते कमळाने, तेही आजीच्या आडोशाला उभी राहून. "सरांनी सुनंदाचा नाव फळ्यावरना पुसलानी, आन् आमची सगळ्यांची मंडळाच्या वहीतना. सात जणींची. म्हणाले, नक्कल केलीत. सुनंदाचा बिल्ला काढून घेतलानी. पिन अडकली होती, निघत नव्हती. सगळी पोरा बघत होती."

गोदूबाईच्या हातातली मूठ थांबली. "नक्कल म्हंजे चोरी काय गो?"

"तसाच," कमळा म्हणाली.

त्यावर कोणी हसले नाही. सगुणाला त्या न हसण्याचीच लाज वाटली.

संध्याकाळी चुलीपुढे सगुणाने मुलीला समोर बसवले. पडवीत आप्पा पानाला चुना लावीत होते. त्यांना सगळे ऐकू जात होते.

"चोरी केलीस?"

"नाय, आये."

"मग काय केलंस?"

"पडकई केली," सुनंदा म्हणाली.

मग ते हळूहळू बाहेर आले. नववीतल्या सात मुली. एकेकटीला आठवड्यात दहा शब्दसुद्धा सापडत नव्हते. शाळेत शब्दकोश एकच, तोही कपाटात. तेव्हा त्यांनी देवळाच्या पडवीत चिठ्ठ्या टाकून पाळी लावली. सात जणींनी सापडतील तिथून शब्द आणायचे: धड्यातून, वाण्याच्या पुडीच्या कागदातून, आकाशवाणीच्या बातम्यांतून. आज सगळे शब्द एकीच्या पट्ट्यांवर लिहायचे, उद्या दुसरीच्या. सातही हात एकाच कामाला. पहिली चिठ्ठी सुनंदाची निघाली, म्हणून तिचे शंभर आधी भरले. सर पट्ट्या घरी तपासायला घेऊन गेले, तेव्हा त्यांना एकाच गठ्ठ्यात चार हस्ताक्षरे दिसली आणि दुसऱ्या गठ्ठ्यात तेच शब्द.

सगुणाने चुलीतले लाकूड पुढे सारले. रागावण्यासाठी तिने आवाज चढवला होता. तो तिने उतरवला. सासरी आल्यापासून ती दर पावसाळ्यात हेच करीत आली होती.

"सरांना सांगितलास का ह्या?"

"सांगितला. सर म्हणाले, परीक्षेत काय सात जणी एकच पेपर लिवणार?"

पडवीतून आप्पा म्हणाले, "मास्तर बोलला ता खोटा नाय. शेतात चालता ता शाळेत चालत नाय. तिथं ज्याचा तो. नाव गेला ना? मग झाला तर." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. बैल म्हातारा झाला असे सांगावे, तसे त्यांनी सांगितले.

सकाळी सहदेव रात्रपाळीवरून आला. कंपनीची बस फाट्यावर सोडी, तिथून दोन मैल चिखलातून चालत यावे लागे. त्याच्या कपड्यांना आंबूस वास होता आणि बोटांच्या पेरांवरची कातडी सोलली होती. सगुणाने चहा देता देता सगळे सांगितले.

"आमच्याकडं एक टाकी चार जण मिळून चालवतात," तो म्हणाला. "एकट्याला जमणारच नाय. पण हजेरीचा कार्ड ज्याचा त्याचा." चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "आप्पा एकदा बोलला की बोलला. मी सांगून बघीन. पण फळ्यावर नाव असला, तर सांगायला तोंड तरी ऱ्हायल." एवढे बोलून तो भिंतीला टेकला आणि बसल्या जागी झोपला.

त्याच दिवशी, रविवारी, लावणी आप्पांच्या खाचरात होती. बाराही माणसे हजर होती. आप्पा वरच्या कोपऱ्यात बैलांमागे चिखलावर फळी फिरवीत होते. दहाच्या सुमाराला बांधावर छत्री दिसली. पिसाळ सर विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून, वहाणा हातात घेऊन येत होते. ते वाईकडचे, सावरखोलला येऊन वर्ष झाले होते. बांध निसरडे असतात हे अजून त्यांच्या पायांना पटले नव्हते.

"चार घरं हिंडलो," ते म्हणाले. "सगळीकडं कड्या. पालकांना भेटायचं होतं."

"सगळं पालक हयसर हायत," गोदूबाई म्हणाली. "बोला. कान रिकामे हायत, हात नायत. आन् छत्री जरा बाजूला धरा, रोपांना सावली नको."

सरांनी छत्री मिटली. पावसात भिजत त्यांनी सारे सांगितले: नियम काय होता, मुलींनी काय केले, नावे का काढावी लागली. बोलणे नीट होते. त्यांनी कोणाला वाईट म्हटले नाही. शेवटी म्हणाले, "दोन मुलांनी एकेकट्यानं शंभर शब्द केलेत. शिवा रोज संध्याकाळी माझ्या खोलीवर येऊन शब्दकोश चाळायचा. मुलींची नावं तशीच ठेवली, तर त्याला मी काय सांगू?"

बारा माणसे वाकून लावणी करीत राहिली. मग सर वाकलेल्या पाठींच्या रांगेकडे, मुठी फेकणाऱ्या कमळाकडे आणि दुसऱ्याच्या शेतात गुडघाभर रुतलेल्या गोदूबाईकडे बराच वेळ पाहत राहिले.

"हे शेत कोणाचं?" त्यांनी विचारले.

"माजा," आप्पा वरून म्हणाले.

"आणि ही सगळी तुमच्या घरची?"

"नाय. पडकईची."

"आमच्याकडं याला सावड म्हणतात," सर म्हणाले. "आमचा एकच बैल होता. शेजाऱ्याचा एक. आई वैरण दोघांना सारखी घालायची." मग ते रांगेकडे वळले. "पण सावडीत प्रत्येकाचं शेत लागतं. मग शंभर शब्दांचं पीक एकट्या सुनंदाचं कसं?"

रांगेतून सुनंदाने मान वर केली. तिच्या कपाळावर चिखलाचा फराटा होता. "माजी पाळी पहिली आली, सर. काल कमळाची होती. पण काल तुम्ही नावा पुसलीत, म्हणून ऱ्हायली."

सरांना हसू आले. ते त्यांनी लपवले. तेवढ्यात सगुणा ताठ उभी राहिली. कमरेत कळ आली तरी उभीच राहिली. बाहेरच्या माणसाशी आप्पांच्या देखत बोलण्याची तिची रीत नव्हती. म्हणून ती मान वळवून, बैलांकडे बघून बोलली.

"सर, आमाला नियम कळत नाय. पण पोरींना शब्द येतात का नाय, ता तर बघाल? तोंडी परीक्षा घ्या. जिला येणार नाय, तिचा नाव काढून टाका. माज्या पोरीपासून सुरुवात करा."

आप्पांनी बैल थांबवले.

सरांनी विचार केला. ते पद्धतशीर गृहस्थ होते, नियम मोडण्यापेक्षा नवा नियम करणे त्यांना सोपे जाई. ते म्हणाले, "ठीक आहे. शनिवारी नव्हे, त्याच्या पुढच्या शनिवारी. सातही जणींच्या पट्ट्या एकत्र करीन. प्रत्येकीला त्यातले चाळीस शब्द विचारीन. अर्थ आणि वाक्य. तीस आले, तर नाव फळ्यावर. शिवा समोर बसेल. शब्द तोच काढेल."

जाताना त्यांचा पाय घसरला आणि ते एका गुडघ्यावर चिखलात बसले. गोदूबाईने हात देऊन उठवले. "आमच्या सगुणेनं परीक्षा मागितली, तुमची तर हयसरच झाली," ती म्हणाली.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी कळली. मुलींनी एकमेकींच्या पट्ट्या लिहिल्या होत्या, पण त्या पाठ केल्या नव्हत्या. लिहिलेला शब्द दुसरीकडे गेला की विसरायचा, असे होऊन बसले होते. सुनंदाला स्वतःच्या गठ्ठ्यातलेसुद्धा निम्मे धड सांगता येईनात. आणि लावणी तर थांबणार नव्हती.

तेव्हा गोदूबाईने पाळीची नवी व्यवस्था लावली. वाडीबाहेरच्या चौघी मुलींनाही तिने त्यांच्या आयांना विचारून बोलावून घेतले आणि सातही जणींना लावणीच्या एका रांगेत उभे केले. कडेच्या मुलीने शब्द टाकायचा, पुढचीने अर्थ सांगायचा, त्यापुढचीने वाक्य. जी चुकेल तिला कोंडायचे.

पहिल्या दिवशी सगळ्याच कोंडल्या गेल्या. खाचरात ठिकठिकाणी चौकोन पडले आणि आप्पा म्हणाले, "ह्या काय लावणी हाय की बुद्धिबळाचा पट?" पण तिसऱ्या दिवसापासून हात आणि तोंड एका लयीत आले. बायकांची गाणी मागे पडली. खाचरातून 'क्षितिज', 'निष्कर्ष', 'अपरिहार्य', 'कृतज्ञता' असे शब्द पावसातून ऐकू येऊ लागले.

"दुराग्रह," कमळाने टाकला.

"चुकीचा हट्ट," हौसा म्हणाली. हौसा खालच्या वाडीतली, सातांमधली सर्वांत हळू बोलणारी.

"वाक्य मी सांगतंय," गोदूबाई मध्येच म्हणाली. "आप्पा दुराग्रह सोडत नाय."

खाचरात हशा पिकला. आप्पांनी बैलाच्या पाठीवर काठी टेकवली आणि म्हणाले, "म्हातारीला पयलीत घाला."

सगुणा काही पाठ करीत नव्हती. तिला आपली ओळ पुरे होती. पण संध्याकाळी भांडी घासताना तिच्या तोंडात 'अपरिहार्य' आला, आणि राख लावता लावता तिने तो दोनदा म्हणून पाहिला.

शनिवार, २६ जुलैला पहाटेपासून पाऊस कोसळत होता. पऱ्या दुथडी भरून वाहत होता. सगुणा सातही मुलींना घेऊन साकवावरून पलीकडे गेली. एकेकीला हाताला धरून तिने सोडले. शाळेच्या पडवीत ती ओल्या लुगड्याने थांबली. वर्गात जाऊन बसायचे तिला धाडस झाले नाही. खिडकीतून फळा आणि सुनंदाची वेणी दिसत होती.

शिवाने डब्यातून पट्टी काढायची, सरांनी विचारायचे. सुनंदा पहिली. 'अनुकरण' तिला आला, 'पर्जन्यमान' आला. 'साशंक' अडला. नंतर सलग तीन अडले. सगुणाने खिडकीचा गज इतका घट्ट धरला की गंजाचा लाल डाग तळव्यावर उठला. मग पुन्हा घडी बसली. चाळीसपैकी चौतीस. कमळाला सदतीस आले. तुळसाला एकतीस. शेवटी हौसा. तिला सगळे ठाऊक असल्यासारखे वाटे, पण वाक्य ओठांवर येईपर्यंत वेळ जाई. सरांनी घाई केली नाही. शेवटची पट्टी झाली तेव्हा अठ्ठावीस झाले होते.

सरांनी खडू उचलला. "सहा नावं आज लागतील. सुनंदा, तुझं पहिलं."

सुनंदा उभी राहिली. "सर, हौसाचा शेत ऱ्हायला."

"म्हणजे?"

"शेवटचा शेत लागल्याबिगर पडकई सुटत नाय. आमची नावा आज नका लिवू. पुढच्या शनिवारी लिवा, सगळी."

पडवीत सगुणा पुढे सरकली. ती खिडकीतून म्हणाली, "गो, तुजा तरी लिवून घे आधी." म्हटल्यावर तिने पदर तोंडावर घेतला. वर्गातल्या मुलांनी वळून पाहिले. सुनंदाने आईकडे पाहिले, पण ती बसली नाही. तिच्या मागे कमळा उभी राहिली, मग तुळसा, मग उरलेल्या तिघी. हौसा मान खाली घालून बाकाची कड नखाने खरवडत होती.

सरांनी शिवाकडे पाहिले. "तुझं काय म्हणणं?"

शिवा गोंधळला. "माझं काय नाय, सर," तो म्हणाला. मग त्याने विचारले, "पडकईत मुलगे घेतात काय? मला तीनशे करायचे हायत. एकट्याला कंटाळा येतो."

सरांनी खडू पुन्हा फळीवर ठेवला.

परतताना सगुणा साकवापर्यंत सुनंदाच्या पुढे चालत राहिली. साकवावर मात्र तिने मुलीचा हात धरला आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही. "चार दिवस हौसा आपल्या घरी ऱ्हाउंदे," ती म्हणाली. "तिच्या आयेला मी सांगतंय. भात वाढताना पण विचारू शब्द."

हौसा चार दिवस राहिली. सहदेव पाळीवरून आला की तोही भिंतीला टेकून डोळे मिटता मिटता एखादी पट्टी वाचून दाखवी. दोन ऑगस्टच्या शनिवारी हौसाला चाळीसपैकी तेहतीस शब्द आले. सरांनी फळ्यावर तेलरंगाने दोन रकाने आखले. एकावर लिहिले 'एकट्याने', दुसऱ्यावर 'मिळून'. दुसऱ्या रकान्यात सात नावे एकाखाली एक आली आणि आठवे, पडकईत नव्याने आलेल्या शिवाचे. त्याचे नाव दोन्हीकडे होते. बिल्ले कमी पडले, म्हणून बागकाम मंडळातल्या मुलांनी पत्रा कापून ते शाळेतच केले. कडा खडबडीत राहिल्या आणि रंग निळ्याऐवजी हिरवा लागला.

गणपतीच्या आदल्या दिवशी मैना एस.टी.ने आली. कडेवर मूल, हातात दोन पिशव्या. दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर आप्पा तिला घेऊन शाळेपर्यंत चालत गेले. सगुणा प्रसादाचे ताट घेऊन मागे गेली. देवळात जायचे निमित्त होते. शाळेला कुलूप होते, पण पडवी उघडी होती. आप्पांनी फळ्याजवळ जाऊन, बोट टेकवून, एकेक अक्षर लावीत नातीचे नाव वाचले. मग सगळी आठ नावे वाचली. त्याला बराच वेळ लागला. मूल रडू लागले होते.

"बाबा, मग सुनंदाचा काय ठरला?" मैनेने विचारले. "मना सोमवारी गाडी हाय."

"पोर दहावी करणार," आप्पा म्हणाले.

"आन् माझ्या पोराला कोण बघल?"

आप्पांनी मुलाला तिच्या कडेवरून घेतले. "मी येतंय. भात कापणीपर्यंत. हयसर रोज ऐकून घ्यावा लागता, की म्हातारा दुराग्रह सोडत नाय. तुझ्या पोराला अजून बोलता येत नाय, ता बरा."

मैना बापाकडे बघतच राहिली. सगुणाने ताटावरचे केळीचे पान सारखे केले, आणि ते सारखे होतेच, तरी पुन्हा एकदा सारखे केले.

जून १९८६ मध्ये सावरखोलच्या शाळेत दहावीच्या वर्गात दोन मुली बसल्या होत्या. जून १९८७ मध्ये सात बसल्या.